नंबर न बदलता मोबाइल कंपनी कशी बदलायची

जुनं सिम आधी बंद करू नका. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं राहू द्या. पहिल्यांदा कंपनी बदलणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक हीच असते, आणि ती बहुतेक वेळा भरून येत नाही. आपल्याला सवय असते जुनं सोडून नवं धरायची. म्हणून माणूस जुन्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावतो आणि सांगतो, ‘मला तुमची सेवा नको, बंद करा.’ पलीकडचा माणूस सांगितलं तसं करतो. कनेक्शन बंद होतं आणि त्याबरोबर नंबरही जातो, कारण कनेक्शन चालू आहे तोवरच त्या नंबरवर तुमचा हक्क असतो. बंद झालेला नंबर काही दिवस पडून राहतो आणि मग दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. भारतात ही मुदत किमान ९० दिवसांची आहे.

माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं असंच झालं. चौदा वर्षं वापरलेला नंबर त्याने स्वतःच्या तोंडाने बंद करायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तोच नंबर मागायला नव्या कंपनीकडे गेला. तिथे कळलं की आता मागण्यासारखं काही उरलेलंच नाही. पुढे तो नंबर एका अनोळखी बाईंकडे गेला. त्याच्या शाळेतल्या मित्रांचे फोन अजूनही अधूनमधून त्यांना जातात, आणि त्या बिचाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतात.

पोर्टिंगचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, रस्ता उलटा आहे. अर्ज नव्या कंपनीकडे करायचा. तीच जुन्या कंपनीकडून नंबर मागून घेते आणि नंबर तिकडे पोचला की जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं. जुन्या कंपनीकडून तुम्हाला हवा असतो तो एक कोड किंवा खात्याचा तपशील, बस. युरोपियन युनियनच्या नियमांत करार संपल्यावरही किमान एक महिना नंबर मागून घेण्याचा हक्क ग्राहकाकडे राहतो, पण जिथे अशी सोय आहे तिथेही तिच्या भरवशावर राहू नये.

ही सोय काही फार जुनी नाही. सिंगापूरने ती १९९७ मध्ये सुरू केली, ब्रिटन आणि हाँगकाँगने १९९९ मध्ये, अमेरिकेने २४ नोव्हेंबर २००३ पासून. भारतात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणापासून सुरुवात झाली, २० जानेवारी २०११ पासून ती देशभर आली, आणि एका सर्कलमधून (मोबाइल सेवेसाठी पाडलेला विभाग, बहुधा एखादं राज्य) दुसऱ्या सर्कलमध्ये नंबर नेण्याची मुभा ३ जुलै २०१५ पासून मिळाली. त्याआधी कंपनी बदलायची म्हणजे नंबर बदलायचा आणि ओळखीच्या शंभर जणांना मेसेज करत बसायचं.

आधी बघा, कंपनी बदलून प्रश्न सुटणार आहे का

कंपनी बदलायचं कारण बहुतेक वेळा रेंज असतं. पण कंपनीच्या नकाशावर रंगवलेली रेंज आणि तुमच्या आतल्या खोलीत मिळणारी रेंज यांत फरक असतो. नकाशा साधारणपणे उघड्यावरचा अंदाज दाखवतो. जाड भिंती, तळघर, लिफ्ट, पत्र्याचं छप्पर या गोष्टी त्यात येत नाहीत. म्हणून ज्या कंपनीकडे जायचं मनात आहे तिचं सिम असलेला कुणी घरी आला की त्याचा फोन हातात घ्या आणि घरभर फिरा. नुसत्या दांड्या मोजू नका. प्रत्यक्ष कॉल करा, एक व्हिडिओ चालवून बघा. तुमच्या फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर याहून चांगला मार्ग आहे: नव्या कंपनीचं एक साधं प्रीपेड सिम घ्या आणि आठवडाभर दुसऱ्या खाचेत ठेवून वापरा. रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर कुठे कॉल तुटतो, रात्री नऊच्या गर्दीत इंटरनेट किती मंदावतं, हे सगळं नंबर पोर्ट करायच्या आधीच कळतं.

इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. काही देशांत अशा कंपन्या आहेत ज्यांचे स्वतःचे टॉवरच नाहीत. त्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेऊन आपल्या नावाने सिम विकतात. तुमची आजची कंपनी आणि उद्याची कंपनी एकाच टॉवरवर चालत असतील तर रेंज तसूभरही सुधारणार नाही. प्लॅन स्वस्त हवा असेल तर अशी बदली उपयोगी आहे, रेंजसाठी नाही. नवी कंपनी कोणाच्या नेटवर्कवर चालते हे विक्री करणाऱ्याला सरळ विचारा.

मग स्वतःचा फोन तपासा. हप्त्यावर किंवा करारासोबत घेतलेला फोन जुन्या कंपनीपुरता लॉक केलेला असू शकतो. दुसऱ्या कंपनीचं कुठलंही सिम दोन मिनिटं घालून बघितलं की हे लगेच समजतं. लॉक असेल तर तो जुन्या कंपनीकडूनच उघडून घ्यावा लागतो, आणि तुम्ही तिचे ग्राहक आहात तोवर हे काम सोपं असतं. *#०६# असं डायल केलं की फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. लॉक उघडण्याच्या अर्जात तोच लागतो. फोन खूप जुना असेल तर तो फोर-जीवरून थेट कॉल करू शकतो का, म्हणजे त्यात व्होल्टे आहे का आणि नव्या कंपनीच्या नेटवर्कवर ते चालतं का, हेही विचारून ठेवा. जुनी नेटवर्क बंद होत चालली आहेत. अशा ठिकाणी इंटरनेट उत्तम चालतं पण फोन लागत नाही, अशी अवस्था होते.

नंबर नेमका कोणाच्या नावावर आहे?

पोर्टिंगचे अर्ज अडकण्यामागे तांत्रिक कारण क्वचितच असतं. नाव जुळत नाही, हे नेहमीचं कारण. घरात सिम कुणी तरी एकाने आणलेलं असतं, कागदपत्रं त्याची लागलेली असतात आणि वापरणारा वेगळाच असतो. वर्षानुवर्षं याने काही बिघडत नाही. बिघडतं ते कंपनी बदलायच्या दिवशी.

माझ्या मावशीचा नंबर काकांच्या नावावर होता. काका जाऊन तीन वर्षं झाली होती. बिल मी भरत होते, फोन मावशी वापरत होती, आणि नंबर कोणाच्या नावावर आहे हा विचार आमच्या दोघींच्याही डोक्यात कधी आला नव्हता. नव्या कंपनीच्या काउंटरवर मावशीने स्वतःचं ओळखपत्र दिलं. तिथल्या मुलीने स्क्रीनकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘हे कोण?’ मावशी काही बोललीच नाही. नंतर बाहेर आल्यावर मला म्हणाली, ‘अगं, इतके दिवस मी त्यांचाच नंबर वापरत होते की.’

त्यानंतरचं काम करायला जवळपास महिना गेला: मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, अर्ज, आणि जुन्या कंपनीकडेच नंबर मावशीच्या नावावर करून घेणं. ते पुरं झाल्यावर पोर्टिंगला दोन-तीन दिवस पुरले. क्रम लक्षात घ्या. मालकी बदलण्याचं काम जुन्या कंपनीकडे आधी पुरं करायचं आणि मगच पोर्टिंगला हात लावायचा. भारतात मालकी बदलण्याचा अर्ज चालू असताना पोर्टिंगचा कोड मिळतच नाही.

तेव्हा आजच जुन्या कंपनीचं ॲप उघडा आणि खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर बघा. लग्नाआधीचं आडनाव, गाळलेलं मधलं नाव, चुकलेली जन्मतारीख, जुना पत्ता यांतलं काहीही आडवं येऊ शकतं. जिथे खाते क्रमांकावरून नंबर हलवला जातो, उदाहरणार्थ अमेरिकेत, तिथे बिलावर जे छापलंय तेच्या तेच अर्जात लिहावं लागतं. नंबर ऑफिसने दिलेला असेल तर तो तुमचा नसतोच. कंपनीच्या अधिकृत सहीचं पत्र लागतं. फॅमिली प्लॅनमधला नंबर असेल तर मुख्य खातं ज्याच्या नावावर आहे त्याला सोबत घ्या, आणि मुख्य नंबरच बाहेर पडला तर बाकीच्यांचं काय होईल हे आधी विचारा.

देणंघेणं

प्रीपेडवाल्यांचं सोपं आहे: उरलेला बॅलन्स आणि व्हॅलिडिटी नव्या कंपनीकडे येत नाही. म्हणून रिचार्ज संपत आला की पोर्टिंग सुरू करा. पण पूर्ण संपू देऊ नका, कारण पोर्टिंग चालू असताना जुना नंबर जिवंत असावा लागतो आणि त्याला मेसेज पाठवता यावा लागतो. चार-पाच दिवस शिल्लक असणं बरं.

पोस्टपेडमध्ये देश तसा नियम. भारतात मुदत उलटून गेलेलं बिल भरल्याशिवाय पोर्टिंगचा कोड मिळत नाही. एवढंच नाही, नंबर गेल्यावर आलेलं शेवटचं बिल थकवलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवू शकते आणि नव्या कंपनीकडचा नंबर बंद पडू शकतो. अमेरिकेत उलट आहे: पैसे थकले असले तरी जुन्या कंपनीला नंबर अडवून धरता येत नाही, देणं मात्र तुमच्या माथी राहतं. ठरावीक मुदतीचा करार असेल तर मधेच बाहेर पडण्याचा आकार किती आणि फोनचे उरलेले हप्ते एकदम भरावे लागतील का, हे लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. अनामत रक्कम ठेवली असेल तर तिची पावती शोधून ठेवा.

भारतात आणखी दोन अटी नडतात. नंबर घेऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट करून ९० दिवस झालेले नसतील तर थांबावं लागतं. आणि सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून बदलून घेतलं असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि दुसऱ्याचा नंबर चोरून पोर्ट करणाऱ्यांना रोखायला केला आहे.

नंबरला काय काय बांधलेलं आहे

खरं सांगायचं तर वेळ घालवायचा तो इथे. अर्ज दहा मिनिटांत होतो. पण मधल्या काही तासांत तुमच्या नंबरवर ना फोन येईल ना मेसेज, आणि आज आपलं निम्मं आयुष्य ओटीपीवर उघडतं. बँक, ईमेल, सरकारी पोर्टल, ऑफिसचं लॉगिन, दवाखान्याची नोंदणी, प्रवासाचं तिकीट. एक कागद घ्या आणि गेल्या महिन्याभरात कोणाकोणाकडून कोड आले ते मेसेजच्या यादीत मागे जात जात लिहून काढा. आठवून लिहिण्यापेक्षा हे बरं, कारण निम्मी नावं आठवणारच नाहीत.

त्या यादीतल्या ईमेल खात्यापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड तिथूनच पुन्हा मिळतात. मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवरून (फोनमध्येच कोड तयार करणारं ॲप) कोड घेण्याची सोय असेल तर ती चालू करा. बॅकअप कोड काढून कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. बँकेची मोठी कामं आणि शेवटच्या तारखेची बिलं पोर्टिंगच्या आधी उरकून घ्या किंवा चार दिवस पुढे ढकला. पैसे पाठवायची बरीच ॲप सिम बदललेलं ओळखतात आणि पुन्हा पडताळणी मागतात. काही बँका सिम बदलल्यावर थोडा काळ मोठ्या रकमा पाठवू देत नाहीत. हे तुमच्या संरक्षणासाठीच आहे, पण घरभाडं भरायच्या दिवशी समोर आलं तर जीव कासावीस होतो.

प्रवासाच्या दिवशी, परीक्षेच्या दिवशी, घरात कुणी आजारी असताना पोर्टिंग करू नका. आठवड्याच्या सुरुवातीला अर्ज करा, म्हणजे काही अडलं तर दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला माणूस भेटतो. जिथे मुदत कामाच्या दिवसांत मोजतात तिथे शुक्रवारी संध्याकाळी दिलेला अर्ज सोमवारपर्यंत जागचा हलत नाही.

जुन्या सिमवरही काही गोष्टी राहतात. साध्या फोनपासून सुरुवात केलेल्या मोठ्या माणसांचे कॉन्टॅक्ट अजून सिममध्येच साठवलेले असतात, आणि सिम काढलं की ते फोनमधून नाहीसे होतात. मावशीचे एकशे तीस नंबर असे निघाले. कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये ‘सिमवरून आयात’ असा पर्याय असतो. तो वापरून सगळे फोनमध्ये आणि ईमेल खात्यावर उतरवून घ्या. व्हॉइसमेलमध्ये जपून ठेवलेला एखादा आवाज असेल तर तो आजच उतरवून घ्या, कारण तो जुन्या कंपनीच्या यंत्रणेवर असतो आणि नंबरबरोबर येत नाही. कॉल फॉरवर्डिंग, कॉलर ट्यून, नको असलेल्या जाहिराती रोखण्याची नोंद, परदेशी रोमिंग हे सगळंही नव्या कंपनीकडे नव्याने चालू करावं लागतं. व्हॉट्सॲपला मात्र हात लावू नका. नंबर तोच आहे, त्यामुळे तिथला ‘नंबर बदला’ हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

कोड मिळवणं

आता प्रत्यक्ष सुरुवात. तुमचा नंबर तुम्हीच हलवताय याचा पुरावा म्हणून जुनी कंपनी काहीतरी देते. ते काय असतं हे देशावर अवलंबून आहे.

भारतात त्याच नंबरवरून १९०० या क्रमांकावर मेसेज पाठवायचा: इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून स्वतःचा दहा आकडी नंबर. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड, येतो. तो चार दिवस चालतो. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत तीस दिवस. वर सांगितलेल्या अटींत तुम्ही बसत नसाल तर कोडऐवजी त्याचं कारण येतं. ते नीट वाचा. पुढे काय करायचं ते त्यातच असतं.

ब्रिटनमध्ये १ जुलै २०१९ पासून ‘पीएसी’ (PAC) एवढी तीन इंग्रजी अक्षरं ६५०७५ वर पाठवली की कोड मिनिटभरात येतो आणि तीस दिवस चालतो. आधी फक्त माहिती हवी असेल तर ‘इन्फो’ असं ८५०७५ वर पाठवायचं. करार मोडला तर किती भरावं लागेल ते कळतं. जुन्या कंपनीच्या माणसाशी बोलायचीही गरज पडत नाही. अमेरिकेत खाते क्रमांक आणि नंबर हलवण्यासाठीचा खास पिन लागतो. तो जुन्या कंपनीच्या ॲपवर किंवा फोनवरून काढता येतो. हा पिन म्हणजे फोन उघडायचा पिन नव्हे. दोन्हींची गल्लत झाली की अर्ज परत येतो.

कोड कुठेही असो, तो घराच्या किल्लीइतका जपा. फोन करून ‘तुमचं पोर्टिंग अडलंय, कोड सांगा’ म्हणणाऱ्याला तो देऊ नका. तुम्ही स्वतः ज्या काउंटरवर उभे आहात किंवा ज्या कंपनीचं ॲप तुम्ही स्वतः उघडलंय, तिथेच द्या. तुमचा कोड हाती लागला की दुसरा माणूस तुमचा नंबर आपल्या सिमवर ओढून घेऊ शकतो, आणि त्यानंतरचे सगळे ओटीपी त्याला जातात. न मागता कोड आला किंवा कारण नसताना सिग्नल गेला, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि मग बँकेला कळवा. सकाळची वाट बघू नका.

अर्ज

नव्या कंपनीकडे जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कोड न्या. सगळ्यात आधी हे वाक्य बोला: ‘मला नवा नंबर नको, माझा नंबर पोर्ट करायचा आहे.’ विकणाऱ्याच्या घाईत नव्या नंबरचं सिम हातात पडतं आणि ते घरी आल्यावर कळतं. पावतीवर तुमचाच नंबर आहे का, आकडा न् आकडा वाचा. अर्जाचा क्रमांक लिहून घ्या. प्लॅन नेमका कधीपासून सुरू होणार, अर्ज केल्यापासून की नंबर चालू झाल्यापासून, हेही विचारा.

ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, कार्ड नसलेलं सिम घेणार असाल तर क्यूआर कोड स्कॅन करायला चालू इंटरनेट लागतं, आणि त्या वेळी जुनं सिम बंद पडलेलं असू शकतं. घरातल्या वायफायवर बसून करा. क्यूआर कोड त्याच फोनच्या ईमेलमध्ये आला तर बऱ्याच फोनमध्ये तो दुसऱ्या स्क्रीनवर उघडावा लागतो किंवा छापावा लागतो, कारण कॅमेऱ्याला स्वतःच्याच फोनच्या पडद्यावरचा कोड दिसत नाही.

अर्ज दिल्यावर जुन्या कंपनीकडून फोन येऊ शकतो, चांगला प्लॅन देतो म्हणून. त्याआधीच मन ठरवलेलं असेल तर नम्रपणे नाही म्हणा. खरंच थांबावंसं वाटलं तर भारतात अर्ज केल्यापासून चोवीस तासांच्या आत इंग्रजी अक्षरांत ‘कॅन्सल’ आणि पुढे नंबर असा मेसेज १९०० वर पाठवून पोर्टिंग मागे घेता येतं.

किती दिवस लागतात? भारतात त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस आणि दुसऱ्या सर्कलमध्ये किंवा कंपनीच्या नावावरच्या नंबरला पाच. ब्रिटन, अमेरिका आणि युरोपियन युनियनमध्ये साध्या प्रकरणाला एक कामाचा दिवस.

बदलाची वेळ

साधारणपणे आदल्या दिवशी मेसेज येतो की अमुक वेळी नंबर हलेल. अनेकदा ही वेळ रात्रीची असते. तोवर जुनं सिमच फोनमध्ये असू द्या.

मावशीच्या फोनवर हे आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून बघितलं. आधी चार दांड्या होत्या, मग दोन, मग त्या जागी ‘सेवा नाही’ अशी अक्षरं. मावशी घाबरली. ‘गेला का गं?’ तिला वाटलं, काकांचा नंबर गेला. मी तिला सांगितलं, हीच खूण आहे. जुन्या कंपनीने सोडलाय, आता आपण नवं सिम घालायचं. फोन बंद केला, पिनेने ट्रे बाहेर ओढला, सिमचा कापलेला कोपरा ट्रेच्या कोपऱ्याशी जुळवला आणि फोन चालू केला. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग वर नव्या कंपनीचं नाव आलं. पण मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला तर ‘हा नंबर अस्तित्वात नाही.’ तिने मला लावला तर लगेच लागला.

अशा वेळी सिम खराब आहे असं समजून पुन्हा काउंटर गाठू नका. यामागचं कारण साधं आहे. पूर्वी नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो कोणत्या कंपनीचा हे कळायचं आणि कॉल थेट तिकडे जायचा. पोर्टिंग आल्यापासून आकडे काही सांगत नाहीत. त्यामुळे हलवलेल्या नंबरांची एक सामायिक नोंद ठेवलेली असते आणि कॉल लावणारी कंपनी त्या नोंदीत बघून मग कॉल पाठवते. ती नोंद प्रत्येक कंपनीकडे एकाच क्षणी ताजी होत नाही. तोवर तुमचा फोन दुसऱ्याला लागतो, पण काहींचा तुम्हाला लागत नाही. बँकांचे मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणांनाही कधी कधी जास्त वेळ लागतो. काही तास थांबा, एकदा फोन बंद करून चालू करा. मावशीला माझा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लागला, आणि तिने तो पहिल्याच रिंगला उचलला.

सिग्नल आहे पण इंटरनेट नाही, असं झालं तर बहुधा एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं सेटिंग, जुन्या कंपनीचं राहिलेलं असतं. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते मूळ स्थितीला आणा. तरीही चाललं नाही तर नव्या कंपनीकडून सेटिंगचा मेसेज मागवा.

सगळं आलंय का

नंबर चालू झाला म्हणजे काम संपलं असं नाही. वायफाय बंद करून तपासा. जुन्या कंपनीच्या ग्राहकाकडून एक फोन मागवा, दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या ग्राहकाकडून एक, आणि परदेशात कुणी असेल तर त्यांच्याकडून एक. साधा मेसेज पाठवा आणि मागवा. व्हॉट्सॲप चालतंय म्हणजे एसएमएस चालतोय असं समजू नका, दोन्ही वेगळे आहेत. मग बँकेचा एक ओटीपी मागवून बघा. तो कागदावरच्या यादीतला पहिला असू द्या. तो आला की बाकीच्या नावांवर एकेक करून खूण करत जा.

चोवीस तास उलटूनही येणारे फोन मिळत नसतील तर तक्रार नव्या कंपनीकडे करा. जुनी कंपनी ‘आमच्याकडून गेला’ म्हणेल आणि ते बहुधा खरंही असेल. अर्जाचा क्रमांक सांगा, तक्रारीचा क्रमांक घ्या, कोणत्या नेटवर्कवरून फोन येत नाही ते नेमकं सांगा. ‘फोन येत नाही’ एवढंच सांगितलं तर ते तुम्हाला फोन बंद-चालू करायला सांगतील. ‘अमुक कंपनीच्या नंबरवरून येत नाही, बाकी येतात’ म्हटलं तर तक्रार योग्य माणसाकडे जाते. तरीही हललं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे किंवा तुमच्या देशातल्या तक्रार निवारण यंत्रणेकडे जा. ब्रिटनमध्ये पोर्टिंग रखडलं तर ग्राहकाला भरपाई मागता येते.

जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंबर गेल्यावर महिन्याभरात कधीही येतं, आणि ते तुम्ही आता न उघडणाऱ्या ॲपमध्ये येतं. म्हणून बँकेतून आपोआप पैसे कापण्याची सोय ते बिल भरलं जाईपर्यंत चालू ठेवा. मग बंद करा. बिल भरल्याची पावती आणि थकबाकी नसल्याचा मेसेज जपून ठेवा. मावशीच्या पावतीचा मी छापील कागद काढून तिच्या पासबुकात ठेवला. जुनं सिम तिने कापू दिलं नाही. एका छोट्या पाकिटात घालून काकांच्या घड्याळाजवळ ठेवलंय, आणि त्याला काही हरकत नाही, कारण नंबर निघून गेलेल्या सिमवर आता त्या नंबरचे फोन किंवा ओटीपी येत नाहीत.